पोलादी दाराआडचे तीन अल्बम

सिंगापूरच्या नव्या सरकारी फ्लॅटांत एक खोली जाड भिंतींची आणि पोलादी दाराची असते. युद्ध झालं, बॉम्ब पडले, तर घरच्यांनी आत जाऊन बसायचं. तिला शेल्टर म्हणतात. बॉम्ब काही पडत नाहीत, म्हणून कुणी तिथे तांदळाच्या पिशव्या ठेवतं, कुणी सुटकेसा, आणि पुष्कळ घरांत कामाला ठेवलेली बाई झोपते. माझ्या पहिल्या घरी मीही शेल्टरमध्येच झोपायचे. चोआ चू कांग भागात चीफच्या घरी आले, तेव्हा सवयीनं बॅग घेऊन सरळ तिकडेच वळले. मागून असा आवाज आला की बॅग हातातून पडली.

"तिकडं कुठं? तिथं गाणी राहतात. तू रेवाच्या खोलीत."

रेवा त्यांची मुलगी, आणि हे त्यांचं साधं बोलणं होतं. त्यांचा राग मी त्याच दिवशी सकाळी पाहिला होता, पण तो दुसऱ्या माणसाच्या वाट्याला आला होता.

त्याचं असं झालं. पहिल्या घरानं मला परत केलं होतं. एजन्सीच्या ऑफिसात परत आलेल्या बायकांचा वेगळा बाक असतो, त्यावर मी बसले होते. पुन्हा कुणी घेतलं नाही तर विमानात बसवून देतात, आणि माझ्याकडं परत जाण्यासारखं घर नव्हतं. नवऱ्याचं सोडून आले होते, भावाच्या घरात आईलाच जागा पुरत नव्हती. तेवढ्यात चीफ आणि त्यांची बायको, म्हणजे वहिनी, आले. एजंट हसत हसत म्हणाला, "साहब, ये रिटर्न पीस है. कुछ डिफेक्ट निकले तो बता देना."

चीफनी त्याच्याकडं पाहिलंच नाही. मला मराठीत विचारलं, "कुठली गं तू?"

"चंदगडची."

"शाळा?"

"नववी. अर्धी."

"अर्धी म्हणजे कुठपर्यंत?"

"लग्न ठरेपर्यंत."

मग ते एजंटाकडं वळले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "फिरसे बोल, क्या है ये?" त्या माणसाला वाटलं, साहेबांना विनोद आवडला. त्यानं पुन्हा सांगितलं. चीफनी टेबलाच्या कडेखाली दोन्ही हात घातले आणि टेबल उलटं केलं. कॉम्प्युटर, चहाचे कप, प्लॅस्टिकचं झाड, सगळं त्याच्या अंगावर. मी बाकाखाली शिरले. वहिनींनी आपली पर्स उचलली, मला हात दिला आणि भाजी घेऊन झाल्यासारखं म्हणाल्या, "चल सुमन. पासपोर्ट घे."

दुसऱ्या दिवशी चीफ हत्यारांची पिशवी घेऊन त्याच ऑफिसात गेले आणि टेबलाचा मोडलेला पाय बसवून आले. ही त्यांची पद्धत होती. स्वतः मोडलेलं स्वतः दुरुस्त करायचे, दुसऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत. त्यांच्या घरात एकही वस्तू बिनजोडाची नव्हती. पंख्याच्या पात्याला पट्टी, खुर्चीच्या पाठीला वेल्डिंग, कुकरच्या कानाला पितळी रिव्हेट. नवा माणूस आला की त्याला वाटायचं, किती काटकसरी लोक आहेत.

चीफ मूळचे कराडचे. आयुष्य जहाजाच्या इंजिनांपाशी गेलं होतं, त्यामुळं हळू बोलणं विसरले होते. आता जहाजं सोडून पश्चिमेच्या यार्डात नोकरी होती, दुरुस्तीला आलेल्या जहाजांवर देखरेख करायची. बुटके, मान डोक्याएवढीच रुंद, हातांवर भाजल्याचे पांढरे डाग. 'साहेब' म्हटलं की चिडायचे. "साहेब ऑफिसात असतो. मी चीफ." मग वहिनीसुद्धा "चीफ आले का गं?" असंच विचारायच्या.

आणि शेल्टरमध्ये गाणी राहायची. म्हणजे एका अमेरिकन बँडचे पहिले तीन अल्बम, एक जुना सीडी प्लेअर, आणि माझ्या कमरेएवढे दोन स्पीकर. बँडचं नाव मला कधी नीट उच्चारता आलं नाही, म्हणून लिहीतही नाही. पहिल्या अल्बमवर जळलेलं खळं होतं, दुसऱ्यावर रस्त्याकडेला बसलेला कुत्रा, तिसऱ्यावर गुडघाभर पाण्यात उभी पाच माणसं. पहिला त्यांना अमेरिकेतल्या एका बंदरावर ट्रक ड्रायव्हरनं दिला होता. जहाजावर परत सोडताना ट्रकमध्ये तो लावला होता, आणि चीफ म्हणे उतरायलाच तयार होईनात.

"हे कंट्री," त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं. मी शेल्टरच्या दारात फरशी पुसत होते. "तिकडच्या शेतकऱ्यांचं गाणं. घोडा, दारू, बायको सोडून गेली, असलं. पण ह्या पोरांनी त्याची मिसळ केली. खाली बघ, बँजो आणि फिडल. मटकीच ती. वरून इलेक्ट्रिक गिटार ओतली. मग तो एक काळा गडी गातच नाही, भांडतो नुसता, ताल धरून. तो कट. कळलं?"

"कळलं," मी म्हणाले. मला आमच्या गावच्या गणपतीतला बेंजो आठवत होता. पण खरं सांगायचं तर त्या गाण्यांची मला भीती वाटायची. सुरुवात गोड व्हायची, आणि अर्ध्यावर ढोल असा कोसळायचा की कुणी दारावर लाथ मारली असं वाटावं. मारणारा माणूस घरात शिरतो तेव्हा आधी असाच गोड बोलतो. हे मला शाळेत शिकवलेलं नव्हतं.

"आणि चौथा अल्बम?" मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"चौथ्याचं नाव काढायचं नाही. चौथ्यापासून ती पोरं आंघोळ करून आलीत."

राग आला की चीफ आत जायचे, पोलादी दार ओढून घ्यायचे, आणि अल्बम पूर्ण आवाजात लावायचे. आत जहाजाचा एक जुना टायर होता, धक्क्याला जहाज घासू नये म्हणून लावतात तसला, आणि एक लाकडी मोगरी. गाण्याबरोबर ते त्या टायरला मारायचे. दाराबाहेर आवाज कमी यायचा, पण फरशी थरथरायची. स्वयंपाकघरात डब्यांची झाकणं वाजायची. वहिनी भाजी चिरता चिरता हात थांबवायच्या नाहीत.

दुसऱ्या अल्बममधलं एक गाणं दर वेळी एकाच जागी अडकायचं. टक टक टक टक, तेवढाच तुकडा. चीफ ते पुढं ढकलत नसत. तेवढा वेळ मोगरीसुद्धा थांबलेली असायची. मग आपोआप कधीतरी सुई सुटल्यासारखं गाणं पुढं जायचं.

"नवी सीडी का नाही आणत?" मी वहिनींना विचारलं.

आम्ही दोघी घेवडा निवडत होतो. वहिनींनी आधी रेवाच्या खोलीचं दार बंद आहे का पाहिलं.

"तो चरा रेवानं पाडलाय," त्या म्हणाल्या. "लहान होती. आम्ही पुण्याला होतो, चीफ सुट्टीवर आलेले. ती ह्यांच्या गाण्यांवर नाचायची. नाचता नाचता प्लेअरवर आपटली. ह्यांनी एक ठेवून दिली. एकच. डाव्या कानाखाली. रक्त आलं. मग पू झाला, मग ऑपरेशन झालं, मग तो कान गेला."

रेवाशी बोलताना सगळे उजव्या बाजूला का जातात, ते मला तेव्हा कळलं. मला वाटत होतं, घरातली शिस्त असेल.

"मी तिला घेऊन माहेरी गेले," वहिनी म्हणाल्या. "एका अटीवर परत आले. पुन्हा कुठल्याही माणसावर ह्यांचा हात उठला, तर आम्ही दोघी जाणार. कायमच्या. तेव्हापासून टायर, टेबल, भिंत. सगळं मोडतात आणि दुरुस्त करतात." घेवड्याची शीर ओढून त्यांनी बाजूला टाकली. "कानाला वेल्डिंग होत नाही ना, सुमन."

माझा जीव तेव्हापासून त्या अटीवर टांगलेला असायचा. त्या दोघी गेल्या तर माझं कामही गेलं, इथं राहायचा पास गेला. पण नुसतं तेवढंच नव्हतं. मला त्या माणसाचा हात खाली राहायला हवा होता. का, ते मला सांगता येत नव्हतं.

जेवायला बसताना एक गंमत व्हायची, ती मी रोज पाहायचे. सगळं जग रेवाशी उजवीकडून बोलायचं, फक्त चीफ तिच्या डावीकडं बसायचे. डावीकडून काहीतरी विचारायचे. तिला ऐकू जायचं नाही. मग ओरडायचे. ती इथल्या लोकांसारखं वाक्यामागं लाह लावून म्हणायची, "पा, अदर साइड, लाह." ते उठायचे नाहीत. ताटातली पोळी दोनदा तोडायचे. उजवीकडची खुर्ची रिकामीच असायची. मी त्यावर पाण्याचा जग ठेवायचे.

एकदा मराठी मंडळाची ईस्ट कोस्टला समुद्राकाठी सहल होती. मोठ्या कंपन्यांतले पुण्या-मुंबईचे लोक, मुलं सायकलींवर, बायका डबे उघडत होत्या. ज्यानं त्यानं आपली आवडती गाणी आणायची, असं ठरलेलं. चीफनी पहिला अल्बम आणला आणि स्वतःचा बॅटरीवरचा लहान स्पीकर. दुसरं गाणं अर्ध्यावर आलं तसा एक मॅनेजर उठला आणि त्यानं ते बंद केलं. "चीफ, माफ करा, पण हे म्हणजे बैलगाडीत बसून मारामारी केल्यासारखं आहे." लोक हसले. चीफ उठले. मॅनेजरनं खेळीमेळीनं त्यांच्या दंडाला धरलं. "बसा हो, बसा."

चीफची मूठ वळलेली मी पाहिली. त्या माणसाचं नाक त्या मुठीपासून फार लांब नव्हतं. आणि पलीकडं रेवा उभी होती, हातात मक्याचं कणीस, खाणं थांबवून. नुसती बघत होती. चीफनी तिच्याकडं पाहिलं. मग दंड सोडवला, आपला स्पीकर उचलला, आणि बुटांसकट समुद्रात चालत गेले. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून त्यांनी तो स्पीकर पाण्याखाली दाबून धरला, मांजराचं पिल्लू बुडवावं तसा. बराच वेळ. मंडळाच्या बायकांनी मुलांना जवळ ओढलं.

"इट्स ओके, सुमन मावशी," रेवा म्हणाली आणि पुन्हा कणीस खायला लागली. "ही डिड नॉट हिट."

पुढच्या रविवारी त्यांनी तो स्पीकर उघडून, धुऊन, वाळवून पुन्हा जोडला. तेव्हापासून त्याच्या आवाजात थोडी वाळू राहिली.

पोलिस आले ती दुपारसुद्धा रविवारचीच. वहिनी आणि रेवा सेरंगूनला मॉलमध्ये गेल्या होत्या. त्या आठवड्यात यार्डात जहाजाच्या टाकीत आग लागून एक वेल्डर भाजला होता. चीफनी त्याला ओढून काढलं होतं, तो वाचला नाही. चीफ जेवले नाहीत, बोलले नाहीत, आत गेले. पहिला अल्बम. त्यातल्या शेवटच्या गाण्यात एक बाई किंचाळते, लांबलचक. मला सवय झाली होती. वरच्या मजल्यावर नवे लोक राहायला आले होते, त्यांना नव्हती. त्यांनी खालून धबाधब मारण्याचा आणि बाईच्या किंकाळीचा आवाज ऐकला आणि फोन केला.

दारात दोन पोलिस. एक मलाय मुलगी, डोक्याला स्कार्फ, वय रेवाहून फार जास्त नसेल. तिनं आधी माझ्या हाताकडं पाहिलं. सकाळीच फोडणी उडून मनगटावर फोड आला होता. हेल्परवर, म्हणजे घरकामाच्या बाईवर, हात उचलणाऱ्याला इथं थेट तुरुंग असतो, आणि हेल्परला चौकशी संपेपर्यंत कुठं ठेवतात, देव जाणे. तेवढ्यात शेल्टरचं दार उघडलं आणि चीफ बाहेर आले. उघडे, घामानं निथळलेले, डोळे लाल, हातात मोगरी.

दुसऱ्या पोलिसाचा हात कमरेला गेला. मी दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

"नो सर. नॉट मी. ही बीट टायर."

"टायर?"

"टायर, सर. एव्हरी संडे."

त्यांना आत नेलं. टायर दाखवला. चीफनी गाणं मागं नेलं आणि पुन्हा लावलं. ती बाई किंचाळली. पोलिस मुलगी दचकली, मग तिला हसू आवरेना. "अंकल, दिस साँग व्हेरी बॅड वन, लाह. यू गो डाऊनस्टेअर्स, प्ले बॅडमिंटन."

पण ती लगेच गेली नाही. मला एकटीला स्वयंपाकघरात घेतलं, दार लोटलं, आणि माझ्या मनगटाला हात न लावता पुन्हा विचारलं, खरं सांग, तो मारतो का तुला? घाबरू नको, मी इथंच आहे. मी नाही म्हणाले. खरंच नाही. ती गेल्यावर मात्र मी ओट्याला धरून रडले. माझ्या नवऱ्याच्या घरी दोन भिंतींपलीकडं सगळी भावकी राहायची. हा प्रश्न मला तिथं कुणी विचारला नव्हता.

चीफ दारात येऊन उभे होते. सदरा घातलेला. "त्या पोरीला मी सांगायला हवं होतं," ते म्हणाले.

"काय, चीफ?"

"की घर बरोबरच गाठलंस. फक्त उशिरा आलीस."

त्यानंतर वर्षभरानं रेवाचं कॉलेजचं ठरत होतं. तिला दूर जायचं होतं, मेलबर्नला. जेवताना विषय निघाला. चीफ नेहमीच्या जागी, डावीकडं. ते काहीतरी म्हणाले, तिला ऐकू गेलं नाही, ते ओरडले. रेवानं काटा खाली ठेवला.

"पा, तुझे तीन अल्बम मी ऐकलेत. नीट. शब्द वाचून." ती मराठीत बोलत होती, म्हणजे मला आणि वहिनींनाही ऐकवायचं होतं. "तुला माहितेय त्यात काय आहे? पहिला अख्खा अल्बम एक माणूस मारत सुटतो. बायकोला, भावाला, घोड्याला. दुसऱ्यात तो रस्त्यावर रडत फिरतो. तिसऱ्यात घरी येतो तर घरात कुणीच नाही."

"माहितेय मला," चीफ म्हणाले. "इंग्रजी मला पण येतं. तो मारतो, म्हणून तर मला मारायला लागत नाही."

"आणि चौथा?"

"चौथा भिकार आहे."

"चौथा तू ऐकलाच नाहीस. चौथ्यात तो तिच्या दारात जातो आणि सॉरी म्हणतो. मोठ्यानं, सगळ्यांसमोर. सिंपल गाणं आहे, नुसता बँजो. तू म्हणतोस आंघोळ करून आलेत. तुला ते सॉरीच नकोय, पा. टायर दुरुस्त करशील, टेबल दुरुस्त करशील. मला एकदाही म्हणाला नाहीस."

चीफ उठले. खुर्ची मागं पडली. त्यांचा उजवा हात वर गेला, उघडा पंजा, खांद्याच्याही वर. मी तो हात ओळखला. सगळ्या गावांत तो एकसारखाच असतो. वहिनी उभ्या राहिल्या. रेवा हलली नाही. तिनं फक्त मान वळवली आणि दुसरा गाल पुढं केला.

"इकडं मार," ती म्हणाली. "उजवीकडं. हा अजून चालतो."

हात तसाच वर राहिला. मग चीफ शेल्टरकडं चालत गेले. मला वाटलं, आत जातील, गाणं लावतील. त्यांनी तो उजवा हात दाराच्या चौकटीत ठेवला, आणि डाव्या हातानं पोलादी दार सगळ्या ताकदीनं ओढलं.

शेवग्याच्या ओल्या शेंगा एकदम मोडाव्यात, तसा आवाज झाला. त्यांनी दार पुन्हा उघडलं आणि पुन्हा ओढणार होते. वहिनी धावल्या, मी धावले, आम्ही दोघींनी त्यांना मागून धरलं. हात लोंबत होता, बोटं भलतीकडंच वळलेली, रक्त सरळ फरशीवर. रेवानं जागेवर बसून ॲम्ब्युलन्सला फोन केला, पत्ता दोनदा नीट सांगितला, आणि मग टेबलाखाली वाकून उलटी केली.

हॉस्पिटलमधून आल्यावर, प्लॅस्टर कोपरापर्यंत, चीफ हळू आवाजात म्हणाले, "मी कुणावर हात उचलला नाही. अट मोडली नाही मी." त्यांचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

वहिनी त्यांच्या औषधांची पाकिटं लावत होत्या. "तुम्हीपण माणूसच आहात, अहो," त्या म्हणाल्या. "मोडली."

त्या दोघी पुण्याला गेल्या. रेवा पुढं शिकायला गेली, चीफ पुन्हा जहाजावर गेले. वहिनींचा दिवाळीला मला अजून फोन येतो. चीफ सुट्टीत येऊन जातात, असं त्या म्हणतात. कुठं उतरतात, ते मी विचारत नाही. निघायच्या आधी वहिनींनी सेरंगूनला एका घरी माझी सोय लावून दिली होती, त्याच घरी मी आजही आहे. खिडकी आहे माझ्या खोलीला.

चीफना मी शेवटचं पाहिलं ते चोआ चू कांगच्या त्या घरातून निघताना. दुपार होती. बॅगा भरून हॉलमध्ये ओळीनं लावलेल्या, त्यांच्याही आणि माझीही. शेल्टरचं दार सताड उघडं, आत टायर नव्हता. चौकटीवरचा डाग मी घासला होता, पण पोलादाला तो थोडा राहिलाच. जेवणाच्या टेबलावर तो वाळू राहिलेला स्पीकर होता, आणि रेवानं फोनवरून काहीतरी लावलं होतं. ढोल नाही, गिटार नाही. नुसता बँजो, आणि एक माणूस खालच्या आवाजात गात होता. मला शब्द कळले नाहीत, पण कुठला अल्बम ते कळलं.

चीफ डावीकडं, आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसले होते, प्लॅस्टरचा हात मांडीवर. मी म्हणाले, "येते, चीफ." त्यांनी मान हलवली. मग रेवाकडं तोंड करून ते काहीतरी बोलले, हळू. तिला अर्थातच ऐकू गेलं नाही. ओरडतील म्हणून मी बॅगेचा पट्टा घट्ट धरला.

ते ओरडले नाहीत. उठले. पाठीला वेल्डिंग असलेली ती जड खुर्ची त्यांनी डाव्या हातानं धरली, आणि टेबलाला वळसा घालून फरफटत पलीकडं आणायला लागले. एका हातानं ती नीट येईना, पाय फरशीला अडकत होते. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, पण मदतीला गेल्या नाहीत. उजवीकडची खुर्ची, जिच्यावर मी पाण्याचा जग ठेवायचे, ती त्यांनी गुडघ्यानं बाजूला सारली, आपली तिथं लावली आणि बसले.

मग ते वाकून रेवाच्या कानाशी बोलायला लागले. बाहेर लिफ्ट आली होती, माझं एक पाऊल दाराबाहेर होतं. ते काय बोलले, ते मला ऐकू आलं नाही. बरंच काही असावं, कारण गाणं संपलं तरी ते बोलतच होते. रेवा समोर भिंतीकडं बघत होती. तिनं हो म्हटलं नाही, मान वळवली नाही. ऐकत होती.